क्लोस, क्लोझ आणि ग्लासगोचा जिना: एका वाक्याचं मराठी हवंय

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. सध्या लेकीकडे ग्लासगोला आलेय. एका इंग्रजी शब्दापाशी तीन आठवडे अडलेय आणि घरात कुणाला माझ्याइतकं त्याचं पडलेलं नाही, म्हणून इथं विचारते.

आधी घर सांगते, कारण शब्द घरातच आहे. तांबड्या वाळूखडकाची चार मजली जुनी इमारत. रस्त्यावरून एकच दार आत येतं, मग बोळ, मग दगडी जिना, प्रत्येक मजल्यावर दोन बिऱ्हाडं. हा बोळ आणि जिना मिळून जे काही होतं त्याला ग्लासगोत ‘क्लोस’ म्हणतात. शेवटी स. आमच्या क्लोसला कमरेपर्यंत हिरव्या चिनीमातीच्या फरशा आहेत. त्याला ‘वॉली क्लोस’ म्हणतात आणि एके काळी तो प्रतिष्ठेचा भाग होता. जिना पाळीपाळीनं धुवायचा. पूर्वी ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याचं कार्ड अडकवलेलं असायचं. आमच्या इमारतीत ते अजून आहे.

पहिल्या मजल्यावर ८१ वर्षांच्या बाई राहतात. जूनमध्ये एकदा जिन्यात भेटल्या. वारा पडलेला, ढग खाली आलेले. गळ्याजवळचं बटण सोडवत म्हणाल्या, “इट्स ऑफी क्लोस द डे.” मी त्यांच्या वरच्याच पायरीवर उभी होते. मला वाटलं, मी फार जवळ उभी आहे असं म्हणतायत. मी दोन पायऱ्या मागं सरकले. संध्याकाळी लेकीनं सांगितलं, “आई, हवा कुंद आहे म्हणत होत्या त्या.”

मग नातवाबद्दल बोलताना म्हणाल्या, तो पैशाच्या बाबतीत फार ‘क्लोस’ आहे. म्हणजे चिक्कू. आणि तीन आठवड्यांपूर्वी जिना धुताना त्यांनी बहिणीचं सांगितलं. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच मजल्यावर समोरासमोर राहायच्या. धाकटी मार्चमध्ये गेली. कुठलाही कढ न येऊ देता म्हणाल्या, “फॉर्टी इयर्स अप द सेम क्लोस, अँड वी वेअर नेव्हर क्लोस.”

हे वाक्य मला मराठीत हवंय. माझी धाकटी बहीण इस्लामपूरला असते. तिला फोनवर सांगितलं, “चाळीस वर्षं एका जिन्यात राहिल्या, पण जवळच्या नव्हत्या.” ती म्हणाली, “म्हणजे सख्ख्या नव्हेत? चुलत?” मी गप्प झाले. आपल्याकडे ‘जवळची बहीण’ म्हटलं की नातं मोजलं जातं, माया नाही.

तर दोन प्रश्न. बंद, जवळ, कुंद, चिक्कू आणि बोळ हे सगळं एका शब्दात आलं कसं? आणि त्या बाईंच्या वाक्याचं मराठी काय?

---

पाटीपेन्सिल

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. पुण्यात महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होतो.

मूळ लॅटिन क्रियापद ‘क्लाउदेरे’, म्हणजे बंद करणे. त्याचं ‘क्लाउसुस’, म्हणजे बंद केलेलं. ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘क्लो’ झालं आणि तिथून इंग्रजीत आलं. म्हणजे पहिला अर्थ ‘बंद’च. जवळचा अर्थ नंतरचा. तो असा आला असं समजा: कुंपण घातलं की आतली जागा आवळते, आवळली की आतल्या वस्तू एकमेकींना खेटतात. दोन गोष्टींमधलं अंतर मिटलं की त्या ‘क्लोस’.

एवढं धरलंत की तुमची पाचही माणसं एका घरची निघतात. तुमचा बोळ म्हणजे दोन्हीकडून भिंतींनी बंद झालेली जागा. एडिंबरात रॉयल माइलच्या दोन्ही बाजूंना असे कितीतरी बोळ उतारावर उतरतात. त्यातला मेरी किंग्ज क्लोस तर १७५३ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या इमारतीच्या खाली गाडला गेला आणि आज लोक तिकीट काढून तो बघायला जातात. इंग्लंडात सॉल्झबरीच्या कॅथीड्रलभोवतीचं आवारही ‘क्लोस’च. त्याला तट आहे, वेशी आहेत आणि त्या अजूनही रात्री बंद होतात. कुंद हवा म्हणजे कोंडलेली हवा. चिक्कू म्हणजे मूठ बंद असलेला. पोटातलं ओठावर न आणणाऱ्या माणसालाही इंग्रजीत ‘क्लोस’ म्हणतात, तिथं आपली झाकली मूठ आठवा.

सख्खी भावंडं: क्लॉज, क्लॉझेट, क्लॉइस्टर म्हणजे मठातली बंदिस्त ओवरी, आणि इन्क्लूड, एक्सक्लूड, कन्क्लूड. कोंडल्या जागेची भीती, ते क्लॉस्ट्रोफोबियाही.

उच्चाराचं तुम्ही बरोबर टिपलंत. विशेषण आणि बोळ, शेवटी स. क्रियापद, शेवटी झ. दिवसाचा शेवट या अर्थाचं नामही झ, म्हणून क्रिकेटमधलं ‘क्लोझ ऑफ प्ले’. आपण मराठीत सगळंच ‘क्लोज’ लिहितो आणि ‘क्लोज फ्रेंड’ म्हणतानाही ज लावतो. तीस वर्षं मुलांचा हा ज सोडवत होतो. लिपीतच फरक दिसत नाही, मग कानाला कसा कळणार?

---

दर्यावर्दी

मी ३४ वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, मूळ गाव गुहागरकडचं. पाटीपेन्सिल सरांनी एक गोष्ट सोडली. झ वाला शब्दही ‘जवळ येणे’ या अर्थानं चालतो, आणि आमच्याकडे तो रोजचा आहे.

रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, वॉचला (पहाऱ्याला) असताना समोरच्या जहाजाबद्दल विचारलं जातं, “इज शी क्लोझिंग?” म्हणजे ते बंद होतंय का नव्हे. ते आपल्याकडे येतंय का. रडारवर प्रत्येक जहाजाच्या नावापुढं दोन आकडे असतात. एक, ते आपल्याजवळून जास्तीत जास्त किती जवळून जाईल. दुसरा, त्या क्षणाला किती मिनिटं उरलीत. पहिल्याला आम्ही ‘सीपीए’ म्हणतो, त्यातला सी म्हणजे हाच शब्द, क्लोसेस्ट. माझ्या एका कप्तानाचा दंडक होता, दोन सागरी मैलांच्या आत येणार असेल तर मला उठवा, मग मी जेवत असेन किंवा झोपलेला असेन. समुद्रावर जवळीक म्हणजे धोका. हे जमिनीवरच्या माणसाला पटायला वेळ लागतो.

‘क्लोस क्वार्टर्स’ हेही जहाजावरचंच. शिडाच्या जहाजांवर शत्रू चढून आला तर खलाशी ज्या भक्कम लाकडी आडोशामागं दार लावून लढायचे, ती ही बंद जागा. पुढं लोक त्याचा अर्थ ‘अगदी जवळून’ असा करायला लागले, कारण तिथून लढताना शत्रू हाताच्या अंतरावरच असायचा. बंद आणि जवळ एका फळीच्या दोन बाजू झाल्या.

बाईंच्या वाक्याचं मराठी मला जमणार नाही. पण ‘चाळीस वर्षं’ वाचून थांबलो. दोन जहाजं चाळीस वर्षं एकाच बंदरात नांगर टाकून.

---

वारणाकाठ

पाटीपेन्सिल सर, दर्यावर्दी दादा, दोघांचे मनापासून आभार. ‘आधी बंद, मग जवळ’ हे वाचल्यावर मी खाली बोळात जाऊन उभी राहिले. खरंच आहे. एका वेळी दोनच माणसं जाऊ शकतात आणि तीही अंग चोरून.

बाईंकडून अजून एक कळलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांची आई जिना धुऊन झाला की पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या मातीनं वेलबुट्टी काढायची. तिकडं त्याला पाइपक्ले म्हणतात. प्रत्येक घरच्या बाईची वळणं वेगळी, वरून खाली येताना कुठल्या मजल्यावर कुणाची पाळी झाली हे नक्षीवरून ओळखू यायचं. मी त्यांना माझ्या फोनवर उंबऱ्याची रांगोळी दाखवली. त्यांनी बोटानं हवेत त्यांच्या आईचं वळण काढून दाखवलं, दोन वेटोळी आणि मध्ये फुली. बहीणही तसंच काढायची म्हणाल्या. मग विषय बदलला.

वाक्य अजून हवंच आहे.

---

ओळीखाली

मी चित्रपटांची मराठी उपशीर्षकं करते, त्यामुळे ‘वी आर क्लोस’ आठवड्यातून चारदा तरी समोर येतं. ओळीला जेमतेम चाळीस अक्षरं आणि दोन-तीन सेकंद मिळतात. बहुतेक जण ‘आम्ही खूप जवळ आहोत’ लिहून मोकळे होतात. मला ते सहन होत नाही, कारण ‘आम्ही जवळ आहोत’ हे रिक्षावाल्याला फोनवर सांगायचं वाक्य आहे.

मी असं करते. दोन घरं असतील तर घरोबा. सारखं जाणं-येणं असेल तर घसट. लहानानं मोठ्याशी मोकळं वागायचं असेल तर सलगी. नकोशी असेल तर लगट. आजी-नातू असतील तर लळा. पुरुष मित्रांत दाट दोस्ती. बहिणींमध्ये मात्र नेहमी अडते. ‘जिव्हाळा नव्हता’ म्हटलं तर फार कोरडं होतं. ‘पटत नव्हतं’ म्हटलं की भांडण आलं, आणि तुमच्या बाई भांडणाबद्दल बोलतच नाहीयेत.

माझा प्रयत्न: ‘चाळीस वर्षं एकाच जिन्यानं चढलो-उतरलो, पण घसट अशी नव्हतीच.’

किंवा: ‘जिना एक होता, जीव एक नव्हता.’

---

वारणाकाठ

ओळीखाली, तुमची यादी मी वहीत उतरवून घेतली. मी नववीला समानार्थी शब्द शिकवताना हे सगळे एका ओळीत स्वल्पविराम देऊन फळ्यावर लिहायची. ते चुकलंच माझं. लळा आणि लगट एका ओळीत लिहायचे शब्द नव्हेत.

मोकळेपणानं सांगते, दुसरं वाक्य मला आवडलं आणि नकोही वाटलं. जिना-जीव हा अनुप्रास कानाला गोड आहे, पण बाई गोड बोलल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडी ते वाक्य आपसूक आलं होतं. शब्द एकच असल्यामुळं त्यांना काही जुळवावं लागलं नाही. आणि घसट सख्ख्या बहिणींत बसत नाही. बहिणींची घसट कुणी मोजत नाही, ती गृहीत असते. तीच नव्हती हे सांगायचंय.

मला असा मराठी शब्द हवा ज्याच्यात बंदही आहे आणि जवळही आहे. आहे का असा? मला तरी सापडत नाही.

---

१३२ केव्ही

मी भाषेतला माणूस नाही. वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो, २०१९ ला निवृत्त झालो. पण या शब्दानं माझी एकदा झोप उडवलीय म्हणून लिहितो.

आमच्याकडे ‘ब्रेकर क्लोज केला’ म्हणजे लाइन चालू. आतले दोन संपर्क एकमेकांना टेकले, मंडल पूर्ण झालं, वीज वाहायला लागली. ‘ओपन’ म्हणजे बंद. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण दुकान क्लोज म्हणजे दुकान बंद, खातं क्लोज म्हणजे खातं बंद.

नव्वदच्या दशकात एका रात्रपाळीला कंत्राटावरचा नवा मदतनीस होता, वीस-एकवीस वर्षांचा. फोनवर पलीकडून निरोप आला, “फीडर क्लोज केलाय.” फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी. त्यानं ऐकलं ‘बंद केलाय’. शिडी खांद्यावर टाकून निघालाच होता. आमच्या वायरमनमामांनी फाटकापाशी अडवून विचारलं, “काय निरोप आला? शब्दासकट सांग.” त्यानं सांगितलं आणि मामांनी त्याच्या खांद्यावरची शिडी स्वतःच्या हातानं खाली ठेवली. कुणाला काही झालं नाही. त्या दिवसापासून आमच्या पाळीत नियम केला, इंग्रजी शब्द आला की लगेच मराठीत उलटून विचारायचं, “चालू का बंद?”, आणि तारेतली उरलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय तारेला हात नाही.

आता तुमच्या कामाचं. ते मामा ‘क्लोज’ कधीच म्हणायचे नाहीत. म्हणायचे, “ब्रेकर लावला.” दिवा लावतात, पंखा लावतात, तसा ब्रेकर लावला. आज तुमचा धागा वाचताना बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, दार लावा, मांजर येतंय.” आणि मी जागच्या जागी थांबलो. दार लावलं की बंद. ब्रेकर लावला की चालू. दोन्हीकडे लावलाच. दोन्हीकडे दोन गोष्टी एकमेकींना टेकवल्यात.

याच्यात तुमचं काही सापडतं का बघा.

---

पाटीपेन्सिल

१३२ केव्ही, दंडवत घ्या. हे मला सुचायला हवं होतं.

संस्कृत ‘लग्’, म्हणजे चिकटणे. त्याचं लग्न. लागणे, लावणे, लगत, लगट हे त्याच घरचे. इंग्रजी शब्द ‘बंद’पासून निघून ‘जवळ’ला पोचला. आपला शब्द ‘चिकटणे’पासून निघाला आणि ‘बंद’ला पोचला. दाराची फळी चौकटीला लागली म्हणजे दार बंद. पापणीला पापणी लागली म्हणजे डोळा लागला. उलट्या वाटेनं दोघं एकाच उंबऱ्याशी आले.

---

ओळीखाली

अंगावर काटा आला. आणि नातंही! ‘ती तुमची कोण लागते?’ आणि घराला लागून घर.

ताई, आता तुम्हीच करा वाक्य. मी करणार नाही.

---

वारणाकाठ

काल रात्री तुमचे निरोप वाचले आणि उठून बसले. ३१ वर्षं हे क्रियापद शिकवलं. भूक लागते, ठेच लागते, नजर लागते, वेड लागतं, सगळं मुलांकडून घोकून घेतलं. दार लावणे आणि जीव लावणे यांत एकच क्रियापद आहे हे मात्र कधी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं नाही. मामांना माझा नमस्कार सांगा, १३२ केव्ही. ते नसतील तर त्यांच्या घरी सांगा.

सकाळी इस्लामपूरला फोन लावला (हेही बघा). बहिणीला म्हटलं, “त्या बाई काय म्हणाल्या ऐक. चाळीस वर्षं दाराला लागून दार होतं, पण जीव काही लागला नाही.”

या वेळी तिनं सख्ख्या का चुलत विचारलं नाही. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तू दिवाळीला येतीयस ना?” आम्ही दोघी पाठीला पाठ लागून आलेल्या. आमच्यात अंतर दीड वर्षाचं.

त्यांची दारं समोरासमोर होती, लागून नव्हती, हे मला कळतं. तेवढी मोकळीक घेतली. चूक वाटत असेल तर सांगा, पण ‘समोर’ घातलं की वाक्यातला लागून जातो आणि मग काहीच उरत नाही.

दुपारी खालच्या बाईंना जिन्यातच गाठलं. लेकीला सोबत नेलं, माझं इंग्रजी तेवढं पुरत नाही. त्यांना समजावून सांगितलं की आमच्याकडे दार बंद करायला जे क्रियापद आहे तेच माया जडायलाही आहे. त्यांनी ते मला परत म्हणायला लावलं. ‘लागला’तला ळ नव्हे ल, हे त्यांनी दुसऱ्या खेपेला बरोबर पकडलं. मग बहिणीच्या दाराकडे बघितलं. तिथं आता नवं बिऱ्हाड आलंय, बाहेर लहान मुलाची सायकल असते. म्हणाल्या, ती रोज रात्री दहाला दार लावायची, आणि कडीचा आवाज आल्याशिवाय मला झोप यायची नाही.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही.

ओळीखाली, हे तुमच्या चाळीस अक्षरांत बसणार नाही, मला माहीत आहे. तरी कधी गरज पडली तर खुशाल वापरा. आमच्या मुठीला आज कार्ड अडकवलेलं आहे, पाळी आमची. जिना धुवायचाय, येते.